जाड झालेलं प्रार्थनेचं पुस्तक

सिडनीच्या एका ग्रंथालयात प्रदर्शन होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन धर्मगुरूने जमवलेली छापील चित्रं आणि चामडी बांधणीची सुंदर पुस्तकं. ती पाहून मी पॅरामॅटाच्या ट्रेनमध्ये बसले. समोर तेच प्रदर्शन पाहून आलेलं एक वयस्क जोडपं होतं. वसईचा हेल फार वर्षांनी कानावर पडला.

"एका फादरला इतकी चित्रं कशाला गं, ज्युलियाना?"

"आवडत असतील. आल्यागेल्याला दाखवत असेल."

"पण बांधणी बघ. एक पान सुटलेलं नाही. आणि तुझ्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक रबरबँडने बांधून ठेवावं लागतं."

"त्यात कार्डं आहेत, कॉस्मास. चर्चमध्ये प्रत्येक प्रसंगाला वाटलेली, देवाच्या चित्राची."

"तेच म्हणतोय. बाइंडर काय म्हणाला? कार्डं काढली तरच नवा पुठ्ठा बसेल."

"कुठलं काढू? भाऊ फादर झाला त्या दिवसाचं? आईच्या मयताचं? की आपल्या डीनच्या पहिल्या कम्युनियनचं?"

"बिस्किटांचा डबा आहे ना रिकामा. त्यात ठेव सगळी."

"डबा कोण उघडतंय? चर्चमध्ये मिस्साला पुस्तक उघडलं की एकेक जण हातात येतो. मग त्याच्यासाठी दोन शब्द बोलते मी देवाशी."

"आणि मी गेल्यावर माझं कार्ड कुठे ठेवशील?"

"तुला जागा नाही. पुस्तक भरलं."

"अरे वा. इतकी वर्षं संसार करून?"

"मी काय करू? बाइंडरला विचार."

"विचारतो. पुस्तकाची पाठ रुंद कर म्हणतो, आमची दोघांची कार्डं मावली पाहिजेत."

"सांग. पण घाई नाही म्हणावं."