नवसाची लाइन

नाही, शुभंकर, दोष लपवून वस्तू विकणं मला जमणार नाही — वाघोलीहून एवढ्या उन्हात आलात, आधी पाणी घ्या — विकणाऱ्याने गप्प बसणं हेसुद्धा खोटं बोलणंच. म्हणून सांगते, ही मासे धरायची लाइन तुमच्या कामाची नाही. ही सबंध बुडते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धरणाच्या संथ पाण्यात उत्तम. वाहत्या नदीत टाकलीत की मधला भाग दगडांत अडकतो, प्रवाह ओढून नेतो, आणि तुम्हाला ती उचलून सरळही करता येत नाही. तुमच्याकडे तरंगणारी लाइन आहे ना? झालं तर. तिच्याच टोकाला बुडणारा तुकडा जोडायचा, फासात फास — दुकानात सिंकिंग लीडर म्हणून मागा — स्वस्तात काम होतं, नवी रील नको. पुढचा नायलॉनचा धागा मात्र आखूड ठेवा. लांब ठेवलात तर लाइन तळाशी आणि तुमची गळावर बांधलेली पिसांची माशी वर.

मला कसं माहीत? आमचे हे मासे धरत आणि मी काठावर जप करत बसे. जप कमी, व्याख्यान जास्त. धरलेला मासा सोडून देत — खायचा नाही तर जिवाला टोचायचं कशाला, हे मी लग्नापासून विचारते आहे. उत्तर अजून यायचं आहे.

मग विकायची का — विचारलंत ते योग्यच. गेल्या दिवाळीत यांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मी गणपतीला नवस बोलले: हे सुखरूप घरी येऊ देत, यांच्या गळाला पुन्हा मासा लागणार नाही. हे घरी आले. देवाने त्याचं काम केलं, आता आपण आपलं करायचं. यांना विचारलं होतं का? भूल दिलेल्या माणसाला विचारतात का? गळ, माश्या, सगळं मीच टाकून दिलं; ही लाइन तेवढी महागाची, म्हणून विकायला ठेवली. रॉड तेवढा आठवण म्हणून राहू दे म्हणाले — राहू दे म्हटलं, नुसत्या काठीने मासा मरत नाही. बाकी एक अक्षर बोलले नाहीत. नुसते बाल्कनीत बसून, येरवड्याच्या पुलाकडे बघत, ताटातली पोळी तशीच — मला वाटायचं, दवाखान्यात नेला तो कोण आणि घरी आणला तो कोण. मग देवानेच बुद्धी दिली. आता रोज पहाटे मारुतीला जातात. चालत. छत्रीची लांब पिशवी खांद्याला — पाऊस नाही, काही नाही, पण माणूस सावध. येताना पँट गुडघ्यापर्यंत ओली — देवळाच्या नळावर पाय धुतले की तेवढं व्हायचंच — आणि घरी येऊन तीन पोळ्या खातात. आत्तासुद्धा आपण होऊन भाजी आणायला गेलेत. श्रद्धेचं फळ, दुसरं काय.

तरी बघायचीच आहे? बघा. दिवाळीपासून कुणी हात लावलेला नाही, हे मी खात्रीने — काय? ओली कशी असेल? इकडे द्या.

हं. ओली आहे. आणि हे केसांसारखं काळं — जलपर्णीचं मूळ. आपल्याच नदीचं. टोकाला हे मरून रंगाचं काय बांधलंय? जपून, गळ असेल — नाही? नीट बघा. नुसती लोकर? माझ्या स्वेटरची. गुंडा कमी भरला म्हणून मी दुकानदाराला चार शब्द सुनावून आले होते.

लोकर. म्हणजे मासा लागायलाच नको. म्हणजे नवस — थांबा, मला विचार करू द्या — गळ नाही, मासा नाही. नुसती टाकायची आणि ओढून घ्यायची. त्या तसल्या पाण्यात उभं राहून. रोज.

गुंडाळा ती. होती तशी, टोक आत. नाही, विकायची नाही. किंमत वाढवू नका, मी बाजारात बसलेले नाही. तुम्हाला तो तुकडाच योग्य, आधीच सांगितलं. या आता. जिन्यात कोथिंबिरीची जुडी घेतलेले गृहस्थ भेटतील, त्यांच्याकडे लोकरीचा विषय काढू नका. खोटं बोला असं मी म्हणत नाही — फक्त गप्प बसा. गप्प बसणं म्हणजे काही खोटं नव्हे.

दार ओढून घ्या.