गणिताच्या सरांचा बिघाड

मी काही कान लावून ऐकत नाही हं, पण नळावर दोघीजणी बोलत होत्या, "शीलाला म्हणे कॉलेजातनं काढ..." आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. पुढचं काही ऐकूच आलं नाही. हंडा तिथंच टाकून मी शेजारी कांबळ्यांकडे गेले. शीला रडत बसली होती.

"काकू, शिकवणं कसं वाटतं ते लिहायला कॉलेजनं कागद दिला होता. तो बाबांनी भरला!"

कांबळेभाऊ कंपनीत मशीनदुरुस्तीला. म्हणाले, "अहो वहिनी, आमच्याकडे नुसती तक्रार चालत नाही. बिघाड लिहायचा, उपाय लिहायचा, खाली सही ठोकायची."

कागदावर लिहिलं होतं: 'गणिताचे सर. बिघाड: तोंड फळ्याकडे, आवाज मागे पोचत नाही. उपाय: उलटे फिरवून बसवावेत. तोवर दुसरे सर चालू ठेवावेत.'

प्राचार्यांनी बापलेकीला बोलावलं होतं. सोबत म्हणून मीही गेले. गणिताचे सर तिथंच बसलेले.

"हा काय प्रकार आहे?" प्राचार्य कडाडले.

भाऊंनी हात जोडले. "साहेब, पोरीचं नाव कॉलेजातनं काढू नका. आणि सरांनाही भंगारात काढू नका, माल चांगलाय."

सर शीलाला म्हणाले, "तू बसतेस कुठं?"

"शेवटच्या बाकावर, सर."

तर शीलाला काढलं हे खरंच, पण शेवटच्या बाकावरनं. आता ती पहिल्या बाकावर बसते. सर अजून फळ्याकडेच तोंड करून शिकवतात.