वीस डबे चटणी आणि प्राचीचा प्रश्न

...आणि हसली असती तरी बरं झालं असतं हो! एखादं वात्रट पोरगं असतं, तर 'बस खाली' म्हणून मोकळा झालो असतो. पण ही प्राची... कागलची, अभ्यासू, हातात पुण्याच्या नोकरीचं पत्र! भर वर्गात उभी ऱ्हायली आणि शांतपणे म्हणती, "सर, तुमची लेक्चरं ऐकून वाटतंय, नोकरी नको, धंदाच करावा. सोमवारी त्यांना कळवायचंय. तेवढं एक सांगा, सर, तुम्ही कधी काय विकलंय का?"

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं! बावीस वर्षं मी कोल्हापुरातल्या कॉलेजात उद्योजकता शिकवतोय. उद्योजकाची व्याख्या, उद्योजकाची बारा लक्षणं, जोखीम कशी पत्करावी... जोखीम! दुसरीकडची बाधंल म्हणून जो माणूस बावीस वर्षं एकाच हॉटेलात मिसळ खातो, तो जोखीम शिकवतोय! म्हटलं, "सोमवारी सांगतो", आणि खडू ठेवून सटकलो.

पण प्रश्न काय वर्गात ऱ्हातोय व्हय? आला की मागनं! अंगावर तांब्या ओतला, की 'सर, तुम्ही कधी काय विकलंय का?' मंडईत कोथिंबिरीवाली बाई वरडत हुती, आणि मला तिच्या तोंडात प्राचीच दिसाय लागली. तिथनं पळून बँकेत गेलो, तर दारात कृष्णात.

कृष्णात कोण इचारा की. माझाच इद्यार्थी. अकरा वर्षांपूर्वी माझ्या नोट्सवर भरवसा ठेवून त्यानं कागदी पत्रावळ्यांचं मशीन घेतलं. मी फळ्यावर काढलेला पाच वर्षांचा आराखडा कागदावर उतरवून, चौकट करून भिंतीला लावला. दोन वर्षांत कुलूप! आता त्या बँकेच्या दारात वॉचमन हाय. आणि मला बघितलं, की उठून उभा ऱ्हातो... "नमस्कार सर. बरं हाय न्हवं?" अरं, एकदा तरी शिवी घाल की! शिवी घातली असती तर सुटलो असतो. ह्यो नमस्कार करतो, आणि तो नमस्कार माझ्याबरोबर घरापतूर येतो. नऊ वर्षं येतोय! बंद का पडलं, हे मी त्याला कधी इचारलं न्हाय. भ्या वाटत हुतं.

मग ठरवलं. सोमवारच्या आत कायतरी इकायचंच. काय इकणार? घरात विजयमालानं, म्हंजे आमच्या मंडळींनी, वर्षभर पुरंल एवढी कांदा-लसूण चटणी केलेली. घेतले वीस डबे, भरली चटणी. ती म्हणाली, "अवो, एप्रिल हाय. घरोघरी मिरचीचं कांडप झालंय. कोण घेणार?" मी म्हटलं, "बाजारपेठेचा अभ्यास हाय माझा." अभ्यास! कोल्हापुरात, एप्रिलात, चटणी इकायला निघालेला माणूस मी!

पयलं दार शेजारच्या संयोगिताकाकींचं. डबा पुढं केला, आणि तोंडातनं भाव निघंना. ओळखीच्या बाईला पैसं मागायचं? जीभच उचलंना हो! म्हटलं, "असू दे काकी, घरचीच हाय." दुसरं दार, तेच. तिसरं, तेच. असे अठरा डबे फुकट गेले! शेवटी म्हटलं अनोळखी माणूस गाठू. स्टँडावर एकाला गाठला, "पावणं, चटणी घेताय?" त्यो म्हणाला, "गाव कंचं तुमचं?" झालं! तिसऱ्या वाक्याला त्यो नेसरीचा निघाला, माझ्या सासुरवाडीचा, बायकोचा लांबचा मामा. त्याला दोन डबे दिले, वर चहा पाजला.

एवढ्यावर भागलं असतं... पण आपल्यात रिकामा डबा परत द्यायचा नसतो न्हवं! रविवारी बेल वाजाय लागली. एक डबा आला, दुसरा आला, इसच्या इस आले. भरून. कशानं? चटणीनं! ज्याच्या त्याच्या घरची! काकी तर म्हणाल्या, "तुमच्यात लसूण कमी पडलाय, ही खावा." नेसरीचे दोन एसटीनं आले, कंडक्टरच्या हातनं. बायको डबे मोजत उभी. तिच्या तोंडावर बी तेच... 'तुम्ही कधी काय विकलंय का?'

सोमवारी कॉलेजला जाताना बँकेपाशी थांबलो. म्हटलं, कृष्णात, मशीन का रे बंद पडलं? त्यो जरा खाली बघून म्हणाला, "सर, मशीन चांगलं हुतं. पत्रावळ्या बी खपल्या. पण घेणारे समदे पावणंच. लग्नघरात पैसं मागायचं कसं, तेवढं शिकवायचं ऱ्हायलं हुतं तुमचं."

तुम्हाला सांगतो, तिथंच मोजाय लागलो. बावीस वर्षं, बावीस वर्ग... किती कृष्णात कुठल्या कुठल्या दारात उभे असतील हो?

वर्गात गेलो आणि समदं सांगून टाकलं. डबे, काकी, नेसरीचा मामा, कृष्णात, समदं. शेवटी म्हटलं, "न्हाय प्राची. मी काय बी इकलेलं न्हाय. भाव सांगायची मला लाज वाटली, आणि ही लाज कुठल्याच पुस्तकात न्हाय. माझ्या भरवशावर नोकरी सोडू नगंस." एक बी पोरगं मोबाईलमधी बघत नव्हतं. बावीस वर्षांत पयल्यांदा!

प्राची म्हणाली, "बरं सर, नोकरी घेते. पण ते वीस डबे मला द्या. पुण्यात हॉस्टेलवर आपल्याकडच्या पोरी हायत, त्यांना घरची चटणी मिळत न्हाय. मला न्हाय लाज वाटत भाव सांगायची." घेऊन गेली, महिन्याभरात इकली, आणि अजून मागितली!

ही गोष्ट गेली की वरपर्यंत. अभ्यासक्रम ठरवणारी माणसं खूश! "सर, हेच पाहिजे होतं आम्हाला! अनुभवातून शिक्षण!" मला वाटलं, आता पोरांना बाजारात धाडतील. पावण्याला भाव सांगाय लावतील. कुठलं काय! प्रकरण पाचवं काढलं. 'भाव सांगताना वाटणारी लाज: व्याख्या, प्रकार, कारणे व उपाय.' नोट्स कुणी काढायच्या? मीच!

परवा वर्गात ते प्रकरण चालू हुतं. मागच्या बाकावरनं एक पोरगं उठलं. म्हटलं, आला पुन्हा तोच प्रश्न.

तर ते म्हणालं, "सर, ही लाज किती मार्काला येती?"

म्हटलं, "धा मार्काला, बाळा. लिहून घे."