मागच्या बाकावर

सेलूला जाणारी एसटी मानवतच्या स्टँडात उभी होती. माझ्या मागच्या बाकावर दोन बाया हळू आवाजात बोलत होत्या.

"घरी येऊ नका म्हणले म्हणून रागावल्या का, ताई?"

"न्हाई गं बायना. घरात कुणाला कळलंय का, तू येशूची प्रार्थना करतीस ते?"

"सासूला ठावं हाय, ती गप बसती. दिराला कळलं तर मालकाला सांगतील, मग लेकरं ठिवून घेतील अन् मला हाकलतील."

"मग थोडे दिवस मंडळीत प्रार्थनेला येऊ नको."

"तुमीच म्हणल्या व्हत्या, शिकणं सोडू नको."

"म्हणले व्हते. पण मागच्या रविवारी झरीच्या मंडळीत माणसं येऊन धमकावून गेली. तवापासून मला झोप न्हाई."

"तुमालाबी भेव वाटतं?"

"लय वाटतं."

"मग अशा वेळंला प्रार्थनेत काय म्हणायचं?"

"तेच म्हणायचं. देवा, मला भेव वाटायलंय."

"अन् डोळे मिटायचेच का?"

"उघडे ठिवले तरी चालतं."

तेवढ्यात एक माणूस गाडीत चढला आणि मागं गेला.

"वैनी, तुमी इथं? या कोण?"

"मी... मी आपली सेलूला चालले. यांना मी वळखत न्हाई," ताई घाईनं म्हणाली.

"वळखीच्या हायत, भावजी." बायना म्हणाली. "मला येशूची प्रार्थना शिकवायल्यात. बसा, जागा हाय."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं फोन लावला.

"दादा, काम सोड अन् घरी ये. मी वैनीला घेऊन यायलोय."