हेमलताबाईंची बोट

बोला, पांडुरंग हरी! ...अहो, हा काय आवाज झाला? मागची मंडळी जेवून आलीत का प्रसाद घेऊन झोपायला आलीत? पुन्हा एकदा — पांडुरंग हरी! हां. आता कसं!

मंडळी, आज एक प्रश्न विचारतो. घरात सगळे आनंदात आहेत. सण आहे, लग्न आहे, काहीतरी चांगलं चाललंय. आणि तुम्हाला दुखतंय. कुठेतरी आत दुखतंय. सांगितलं तर सगळ्यांचा विरस होणार. म्हणून तुम्ही गप्प बसलात. दुखणं गिळलंत आणि हसत राहिलात. आता सांगा — हे पुण्य की पाप?

पुण्य म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, बघा! बायकांच्या बाजूचे सगळे हात वर! आणि पुरुषांकडे? हे आपले इकडेतिकडे बघतायत. तुम्हाला दुखणं गिळायची सवयच नाही ना! साधी शिंक आली तरी सगळ्या घराला कळते!

हसा, हसा. पण हात लक्षात ठेवा. आता गोष्ट ऐका.

कऱ्हाडला रघुवीर मोहोळकर म्हणून एक गृहस्थ आहेत. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, बायकोवर जीव असलेला — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग तुम्ही त्यांना शिव्या घालायच्या नाहीत. घरात आई गिरिजाबाई, बायको हेमलता, आणि मुलगी केतकी — नुकतीच कॉलेजात गेलेली. चौघांचं घर.

या रघुवीररावांच्या मनात कित्येक वर्षं एक इच्छा. काय? तर सगळ्यांना बोटीवर न्यायचं! बोट म्हणजे आपली होडी नव्हे हो — क्रूझ! मुंबईहून निघायचं, कोचीपर्यंत जायचं, परत यायचं. या देवळासारखी कित्येक देवळं मावतील एवढी बोट. आत बाजार, आत थिएटर, लिफ्टने वरखाली जायचं. आणि सगळ्यात वर काय? पोहायचा तलाव! चारी बाजूंना समुद्र, आणि यांना वर तलाव पाहिजे! माणसाचं समाधान कशात आहे ते त्या पांडुरंगालाच ठाऊक.

दिवाळी झाली की निघायचं ठरलं. घरात काय आनंद! केतकी रोज बॅग भरते, रोज उपसते. गिरिजाबाईंनी नवं पातळ काढलं. आणि हेमलताबाई?

हेमलताबाई फराळ करत होत्या. चकल्या पाडताना डावा खांदा दुखायला लागला. त्यांना वाटलं, सोऱ्या दाबून दाबून भरून आला असेल. मग जिना चढताना जबडा दुखला. जबडा हो! दात नव्हे. वाटलं, गार वारा लागला असेल. धाप लागायला लागली. वाटलं, वय झालं. बघा, दुखण्याला कारणं शोधून द्यायला माणूस किती हुशार असतो! आणि रघुवीरराव विचारायचे बरं का. दुकानातून आले की विचारायचे, "हेमा, बरं आहे ना गं?"

"हो हो. काय होतंय मला!"

आणि निघाले. मुंबईला बोटीत बसले. केतकी धावत कठड्याशी गेली. रघुवीररावांनी आईचा हात धरला, "आई, बघ! बाबांना कधी जमलं नाही, मी आणलं की नाही तुला!" म्हातारीच्या डोळ्यांत पाणी. मुंबई लांब लांब गेली, इमारती पुसट झाल्या, आणि मग — सगळीकडे पाणी.

मंडळी, तुम्ही कधी असे गेलायत? जिथे उतरायचं म्हटलं तरी उतरता येत नाही? एस.टी. असती तर कंडक्टरला सांगितलं असतं, "थांबवा हो." इथे कुणाला सांगणार? हेमलताबाई कठड्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मनात पहिल्यांदा भीती आली — इथे मला काही झालं तर?

पण बाजूला नवरा हसतोय. मुलगी फोटो काढतेय. "आई, हस ना!" हसल्या!

संध्याकाळी जेवायला गेले. एवढी पानं मांडलेली, एवढे पदार्थ! हेमलताबाईंना घास गिळेना. मळमळायला लागलं. रघुवीरराव म्हणाले, "बोट लागली तुला. सगळ्यांनाच लागते. बरं आहे ना बाकी?"

"हो. बोटच लागलीय."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि वरच्या डेकवर खेळ लावला होता. जोडप्यांचा! नवरा-बायकोनं गाण्यावर नाचायचं. माइकवरचा तो मुलगा ओरडतोय, स्पीकर दणदणतोय. केतकीनं दोघांना ओढलं, "आई, बाबा, प्लीज, एकदाच!" रघुवीररावांनी आयुष्यात कधी नाच केला नव्हता. पण त्या दिवशी तो माणूस लाजत लाजत पुढे झाला आणि त्यानं बायकोपुढे हात केला. "चल गं हेमा. इथे कोण ओळखतंय आपल्याला!"

आता सांगा, ती माउली काय म्हणणार? जो नवरा बावीस वर्षांत कधी हात धरून चारचौघांत उभा राहिला नाही, तो आज नाचायला बोलावतोय. ती म्हणणार का, "नको, माझ्या छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं होतंय"?

ती गेली. मंडळी, ती नाचायला गेली हो!

गिरिजाबाई खुर्चीत बसून बघत होत्या. आधी हसत होत्या. मग त्यांचं हसू थांबलं. वारा इतका होता की अंगावर पदर ठरत नव्हता, लोकांच्या टोप्या उडत होत्या — आणि सुनेच्या कपाळावर घाम! टपटप घाम! ओठ पांढरे पडलेले. तरी हसतेय. पाय उचलतेय. एक हात मात्र सारखा खांद्याकडे जातोय.

म्हातारी उठली. काठी टाकली. त्या नाचणाऱ्या माणसांतून वाट काढत गेली आणि सुनेचं मनगट धरलं.

"काय होतंय तुला?"

"काही नाही आई. बोट लागलीय."

"खोटं बोलतेस."

"खरंच काही नाही. तुम्ही बसा ना. ह्यांचा केवढा आनंद..."

आणि मग, मंडळी, ती म्हातारी जे बोलली ते नीट ऐका. ती मोठ्यानं बोलली. सगळ्या डेकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"हेमा! माझ्या नणंदेच्या लग्नात मी असंच हसत पंगती वाढल्या होत्या! पोटात कळा येत होत्या, पण वऱ्हाड जेवत होतं, म्हणून बोलले नाही. माझं पहिलं मूल गेलं त्या दिवशी! आणि सगळे काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, केवढी सोशिक सून! आजपर्यंत ते कौतुक मी छातीवर घेऊन फिरतेय! तू बोल! आत्ता बोल!"

गाणं चालूच होतं. रघुवीरराव जागच्या जागी थिजले. पहिलं मूल? त्यांना ठाऊकच नव्हतं! आपल्या आधी कुणी होतं, हे त्या मुलाला आजवर आईनं सांगितलं नव्हतं. कारण सांगितलं तर त्याचा विरस झाला असता!

हेमलताबाईंनी सासूकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि बोलायच्या आधीच खाली बसल्या.

मग धावाधाव! खुर्ची आली, चाकांची. खाली दवाखाना होता बोटीवर. तिथली डॉक्टरीण तरुण, केरळची पोर, हिंदीत बोलणारी. तिनं छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली, बघितली — आणि तिचा चेहरा बदलला. जिभेखाली गोळी दिली, सुई टोचली, प्राणवायूची नळी लावली. बाहेर येऊन रघुवीररावांना म्हणाली, "हार्ट अटॅक है. मेरे पास जितना था, किया. इनको हॉस्पिटल चाहिए. जल्दी."

हॉस्पिटल! कुठून आणायचं? खिडकीतून बघितलं, तर पाणी. नुसतं पाणी.

कप्तानानं किनाऱ्याशी बोलणं केलं. ठरलं असं, की बोट वळवायची, किनाऱ्याकडे न्यायची, आणि तिकडून तटरक्षक दलाची जलद नौका निघेल ती वाटेत येऊन मिळेल. भोंग्यावरून सांगितलं. एवढी मोठी बोट हळूहळू वळली. मंडळी, कुणी कुरकुरलं नसेल? कुरकुरलं. एक जण म्हणाला, "आता आमचं पुढचं ठिकाण चुकणार!" त्याच्याच बायकोनं त्याला कोपर मारलं. हसू नका. आपण असतो तर आपण काय म्हटलं असतं? आपल्या मनाला विचारा.

रघुवीरराव दवाखान्याच्या दाराबाहेर फेऱ्या घालतायत. केतकी आजीला चिकटून रडतेय, "मी ओढलं आईला. मी ओढलं."

रघुवीरराव आईला म्हणाले, "आई, मी विचारलं होतं गं तिला! रोज विचारलं!"

"काय विचारलंस?"

"बरं आहे ना, म्हणून."

म्हातारी म्हणाली, "रघू, तो प्रश्न नव्हता. तू उत्तर तिच्या हातात ठेवलंस आणि तेच परत मागितलंस. तुझे वडीलही असंच विचारायचे. वाईट नव्हते ते. पण त्यांना 'हो'च ऐकायचं असायचं."

रघुवीरराव वळले. दार ढकलून आत गेले. बायकोच्या उशाशी बसले. ती पडल्या पडल्या म्हणतेय काय? "तुमची सहल मोडली माझ्यामुळे." अहो, नाकात नळी, हाताला सुई, आणि हिला सहलीची काळजी!

त्या माणसाला रडू फुटलं. रडतच त्यानं विचारलं, "हेमा, काय होतंय तुला? सांग. जे असेल ते सांग."

तो उठला नाही. मग ती म्हणाली, "दुखतंय हो. फार दुखतंय. फराळ करत होते तेव्हापासून दुखतंय. आणि मला भीती वाटतेय. मला मरायचं नाही."

विठ्ठल, विठ्ठल! मंडळी, एवढ्या वर्षांच्या संसारात त्या बाईनं नवऱ्याला सांगितलेलं हे पहिलं खरं उत्तर! पुराणातला कुठलाही भक्त घ्या. संकट आलं की काय म्हणाला? "धाव रे देवा!" म्हणाला! "काही नाही देवा, चाललंय आपलं" — असं कुणी म्हटल्याचं मी तरी वाचलेलं नाही! देवाला न सांगता कळतं. तरी तो हाकेची वाट बघतो. आणि माणसाला? माणसाला तर सांगितल्याशिवाय कळतच नाही!

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती नौका दिसली. एवढीशी! लाटांमध्ये दिसायची, नाहीशी व्हायची. बोटीच्या बाजूचं खालचं दार उघडलं. हेमलताबाईंना स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं. आता द्यायचं कसं? मोठी बोट स्थिर, आणि नौका लाटेबरोबर वर येते, खाली जाते. वर आली की हाताशी, खाली गेली की विहिरीत. पहिल्यांदा स्ट्रेचर पुढे केलं — आणि लाट आली! नौका दूर फेकली गेली. स्ट्रेचर अर्धं हवेत! धरणाऱ्यांनी मागे ओढलं. केतकीची किंकाळी सगळ्या बोटीला ऐकू गेली. वरच्या कठड्यावर शेकडो माणसं उभी, कुणी श्वास घेत नव्हतं. तो कुरकुरणारासुद्धा! हात जोडून उभा होता हो!

नौका पुन्हा आली. जवानांनी लाटेचा अंदाज घेतला. एक जण ओरडला, "अब!" — आणि स्ट्रेचर पलीकडे! मागोमाग रघुवीररावांनी उडी घेतली. नौका वळली, पांढरा फेस उडवत निघून गेली.

आणि आजी-नात मागे राहिल्या. फोनला रेंज नाही. पाण्याकडे बघत बसायचं, बस्स. गिरिजाबाई मला स्वतः म्हणाल्या, "महाराज, तेव्हा मी नाम घेत नव्हते. मला सुचतच नव्हतं. मी नुसतं म्हणत होते — तिला ठेव, तिला ठेव."

मी म्हटलं, आई, ते नामच होतं.

मध्यरात्र उलटली तेव्हा कप्तान स्वतः आला. टोपी काढली. म्हातारीनं नातीला जवळ ओढलं. टोपी का काढली यानं? तो खाली वाकला आणि म्हणाला, "माँजी, पहुँच गयी. नस खोल दी है. ज़िंदा है."

वाचली, मंडळी! हेमलताबाई वाचल्या. हृदयाचा एक भाग मात्र कायमचा कमजोर झाला. जिना चढवत नाही, दोघांची खोली आता खाली आणलीय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी सांगितलं असतं तर एवढंही झालं नसतं.

मग आता बोला. पुण्य की पाप? ...हात वर येत नाहीत आता.

मी पाप म्हणणार नाही. त्या माउल्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण पुण्यही म्हणू नका! आणि उद्यापासून घरातल्या बाईचं "सोशिक" म्हणून कौतुक करू नका. त्या कौतुकानं माणसं मरतात. पुरुषहो, विचारायचं असेल तर दाराशी चपला काढता काढता विचारू नका. समोर बसा. "काय होतंय?" म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.

आता मी पुढे... थांबा.

अहो, त्या खांबाशी बसलेल्या माउली. हिरवं लुगडं. हो, तुम्हीच. मघापासून बघतोय, सारखी छाती चोळताय. काय होतंय तुम्हाला?

मान हलवू नका, माय. ऐकू येईल असं सांगा. आम्ही थांबलोय.

...कधीपासून?

यांच्यासोबत कोण आहे? मुलगा? ऊठ बाळा, गाडी काढ. माउली, आरती तुमच्याविना होईल. वाट द्या मंडळी, वाट द्या. मृदंग नको. माउली गाडीत बसेपर्यंत कुणी काही वाजवायचं नाही.