गिऱ्हाइकाची पिशवी

—मालक कोण लिहू म्हणताय? लिहा की, फॉर्म तुमचा, पेन तुमचं. या फॉर्मवर ज्याचं नाव त्याला नव्या बाजारात गाळा, असंच ना? मग कफिलाचं लिहा, परवाना ज्याच्या नावावर त्या अरबाचं — वर्षातून दोनदा येतो, खजूर खातो, जातो. काउंटरवर ती सहर बसलीय ना, ती इथली, तिची नोकरी कायद्यात बसते; सौदीत कापड विकायला आता इथलंच माणूस लागतं. आणि हुफूफच्या या बाजारात एकतीस वर्षं उभ्यानं ज्यांनी कापड फाडलं ते आमचे अब्बा, वहाबसेठ — ते बाहेर गेलेत. पिशवी घेऊन. बसा हो. तुम्ही पुण्याचे, आम्ही खेडचे, मराठी माणूस भेटला की पाणी तरी पाजावं, असं अब्बा म्हणतात. ते बरंच काही म्हणतात.

दाखवा पुन्हा ते चित्र. वा! तुमच्या कंपनीनं विलायतेतलं एक बाजाराचं गाव असंच सुधारलं म्हणे — मेलेला चौक उठून बसला, दुकानं वाढली, वस्ती वाढली. आता तेच हुफूफला! लाल विटा, घड्याळाचा मनोरा, उघड्यावर बाकं — ऑगस्टात बसून दाखवा एकदा त्या बाकावर, उठताना कातडी तिथंच राहील. आणि ही गोरी म्हातारी, कुत्रं घेऊन? तिकडच्या चित्रातली पुसायची राहिली वाटतं. एवढी माणसं चिकटवलीत साहेब, यात अब्बा कुठायत? नाही, आपलं विचारतो. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस, मला काय कळतंय नकाशातलं!

पिशवी कसली? अहो, काउंटरमागं परदेशी माणूस आहे का बघायला तपासणीवाले आले की अब्बा काउंटरबाहेर येतात, खुंटीवरची पिशवी हातात घेतात आणि गिऱ्हाईक होतात. स्वतःच्या दुकानात! स्वतःच लावलेल्या भावाला 'फार होतंय' म्हणतात! हसा, मीही हसायचो. ही पिढीच तसली — स्वतः जन्मभर वाकायचं आणि आम्हाला सांगायचं, ताठ राहा.

गेल्या मंगळवारी तपासणीवाल्यानं मलाच विचारलं — हा म्हातारा रोज दिसतो, कोण हा? मी पडलो व्हिजिट व्हिसावर, काम करायची मुभा नाही. म्हटलं, गिऱ्हाईक असेल. मी ओळखत नाही.

मग काय करायला हवं होतं? सांगा ना, तुम्ही शिकलेले! अब्बांनीच शिकवलेलं वाक्य होतं ते, एक शब्द चुकलो नाही. तरी त्या दिवसापासून — चपला दाराबाहेर काढतात. काउंटरच्या आत पाऊल नाही. सहरनं हाक मारली तरी नाही. पाणीसुद्धा —

हे आलेच बघा. अब्बा, हे पुण्याचे साहेब. अहो, दारात काय उभे? या की आत.

ऐकलंत? पाणी घेऊ का, विचारतायत. मला.

तो फॉर्म ठेवा खिशात, साहेब. यल्ला, निघा तुम्ही.