वेणूबाईंचा हॉलंडचा नाका

आणि वर विमान कंपनीवाले म्हणतात, प्रवाशांची सोय झाली! कुणाची हो सोय? तुम्हाला सांगतो, आमच्या कुळगावच्या वेणूबाई... गुडघे ठणठणीत, भातलावणीत सुनांना मागे टाकायच्या, पण दोन हजार चार साली मुलाकडे अमेरिकेला निघाल्या तेव्हा जयदेवने तिकिटातच व्हीलचेअर मागवली. का, तर आईला इंग्रजी येत नाही, निदान कुणी धरून विमान तरी बदलून देईल. बदलायचं हॉलंडला. मध्ये सहा तास. बाई जीव मुठीत धरून खुर्चीत बसल्या, आणि खुर्ची ढकलणारी सावळी पोरगी मागून म्हणाली, "आजी, भूख लगल का?"

आजी? हॉलंडात? पोरीचं नाव चंद्रावती. पणजोबा बिहारचे, ऊसतोडीला हॉलंडच्या ताब्यातल्या सुरिनामला नेलेले, पुढे घर हॉलंडला आलं, पण बोलीत आजी ती आजीच राहिली. मग काय, ह्या मराठीत, ती तिच्या हिंदीत, बाईंनी सुकटीची चटणी काढली, आजूबाजूची माणसं लांब सरकली, दोघींना ऐसपैस जागा... सहा तास कसे गेले कळलंच नाही. येताना पुन्हा तीच, तारीख लक्षात ठेवून ड्यूटी मागून घेतलेली! सहा साली गेल्या तर पोरगी पोटुशी. म्हणाली, पुढच्या खेपेला बाळ दाखवीन. बाई घरी येऊन गोधडी शिवायला बसल्या.

आणि आठ साली तिकीट आलं लंडनवरून. दीड तासात पुढचं विमान. कुणाची हो सोय?

उल्हासनगरला टेकचंद एजंटकडे मीच त्यांना घेऊन गेलो. तो म्हणाला, "माई, कंपनी का पार्टनर बदल गया, हॉलंडवाला गया, लंडनवाला आया. जिधर से आगे का विमान मिले, वही नाका बड़ा. पार्टनर गया, नाका ठंडा." बाईंनी शांतपणे विचारलं, त्यांचं बिनसलं असेल तर मिटवणारं कुणी वडीलधारं नाही का त्यांच्यात? टेकचंदने कपाळाला हात लावला. हॉलंडवरूनच जायचं तर तिकिटं दोन, मध्ये सामान सोडवा, त्यासाठी व्हिसा काढा... बाईंनी गोधडी त्याच्या हॉलंडला जाणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर पाठवली. पोचली म्हणे. मुलगी आहे म्हणे. गुटगुटीत आहे म्हणे. सगळं म्हणे!

लंडनला खुर्ची धावतच गेली, बाईंना ढकलणाऱ्याचं तोंडही दिसलं नाही. अमेरिकेत जयदेव खुशीत. म्हणाला, "आई, या खेपेला तुझे साडेचार तास वाचले."

"वाचले ना?" वेणूबाई म्हणाल्या. "मग ठेवायचे कुठे, तेवढं सांग."